स्टोअर आणि कंपोनंट यांमधील सांधा : एक चिकित्सक विचार

प्रास्ताविक

जावास्क्रिप्टमधील स्टेट-व्यवस्थापनाविषयी गेल्या दहा-बारा वर्षांत जी चर्चा झाली ती बहुतांशी एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली. स्टोअर कोणते वापरावे, हा तो प्रश्न होय. रिडक्स, मॉबएक्स, झुस्टँड, पिनिया अशी नावे एकामागून एक पुढे आली आणि प्रत्येकाच्या समर्थकांनी आपापल्या स्टोअरच्या अंतर्रचनेचे गुण सविस्तर सांगितले. मात्र हे स्टोअर पडद्यावरील कंपोनंटला नेमके ज्या ठिकाणी जोडले जाते त्या ठिकाणाकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. प्रस्तुत लेखात त्या ठिकाणाला ‘सांधा’ असे म्हटले आहे. प्रत्यक्षात जे दोष वापरकर्त्याच्या वाट्याला येतात ते स्टोअरमध्ये क्वचितच असतात, बहुधा ते या सांध्यात असतात, आणि हा सांधा दिसेनासा करण्याकडे ग्रंथालय-कर्त्यांचा जो कल आहे त्याची किंमत अध्यापनात मोजावी लागते, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. विवेचन मुख्यतः रिॲक्ट आणि रिॲक्ट-रिडक्स यांच्या आधारे केले आहे, कारण सांध्याचे इतके प्रयोग, तेही इतक्या उघडपणे, अन्यत्र झालेले नाहीत.

अन्य विद्याशाखांतील वाचकांसाठी संज्ञांचा थोडक्यात खुलासा आवश्यक आहे. पडद्यावर जे दिसते त्यामागे काही माहिती असते : वापरकर्ता कोण, यादीत नोंदी किती, कोणती खूण केलेली आहे. तिला स्टेट म्हणतात. ही माहिती एका जागी ठेवली तर त्या जागेस स्टोअर म्हणावयाचे, आणि पडद्याचा जो स्वतंत्र तुकडा ती दाखवितो तो कंपोनंट. महाविद्यालयाच्या कार्यालयात प्रवेशाची नोंदवही असते आणि बाहेर सूचनाफलक असतो. शिल्लक जागांचा आकडा नोंदवहीत बदलला की फलकावरही बदलला पाहिजे. नोंदवही बरोबर आहे, फलकही ठीक आहे, परंतु आकडा उतरवून नेणारा कोण आणि तो केव्हा नेतो, हे ठरलेले नसेल तर विद्यार्थी चुकीच्या आकड्यावर विसंबून परत जातो. सांधा म्हणजे हा उतरवून नेण्याचा व्यवहार.

पूर्वपीठिका

ही समस्या रिॲक्टने निर्माण केलेली नाही. ट्रिग्वे रीनस्काउग यांनी 1979 मध्ये झेरॉक्स पार्क येथे स्मॉलटॉकच्या संदर्भात मॉडेल, व्ह्यू आणि कंट्रोलर यांची जी विभागणी मांडली तिच्यातच हा प्रश्न होता. पुढे ब्राउझरमध्ये स्टीव्ह सँडरसन यांच्या नॉकआउट या ग्रंथालयाने 2010 मध्ये निरीक्षणीय मूल्यांची कल्पना रुजविली. मूल्य बदलले की त्यावर अवलंबून असलेला पडद्याचा भाग आपोआप बदलतो, ही ती कल्पना.

जॉर्डन वॉक यांनी फेसबुकमध्ये घडविलेले रिॲक्ट 2013 मध्ये सर्वांसाठी खुले झाले. त्यानंतरच्या वर्षी, 2014 मध्ये, फेसबुकने फ्लक्स ही रचना जाहीर केली. त्या वेळी दिलेले उदाहरण आजही वर्गात सांगण्याजोगे आहे. संकेतस्थळावर न वाचलेल्या संदेशांचा आकडा दिसे. वापरकर्ता तो पाहून संदेश उघडी, तर नवीन संदेश नसेच. दोष दुरुस्त केला जाई आणि काही दिवसांनी पुन्हा उद्भवे. आकडा, संवादाची खिडकी आणि संदेशांची यादी हे तीन भाग एकाच माहितीच्या तीन प्रती बाळगून होते आणि त्या प्रती परस्परांना वेगवेगळ्या वाटांनी कळविल्या जात होत्या. फ्लक्सने माहितीचा प्रवाह एकाच दिशेने वाहील असा दंडक घातला. डॅन अब्रामोव्ह आणि अँड्र्यू क्लार्क यांनी 2015 मध्ये याच विचाराला रिडक्सचे आटोपशीर रूप दिले. तेथे स्टोअर एक, त्यातील माहिती केवळ वाचनासाठी, आणि बदल करावयाचा तर ॲक्शन पाठवूनच, हे नियम झाले.

कनेक्टची शिस्त

रिडक्सचे स्टोअर स्वतः फार लहान आहे. सद्यःस्थिती देणे, ॲक्शन स्वीकारणे आणि बदल झाल्याचे नोंदणीकृत श्रोत्यांना कळविणे एवढेच ते करते. रिॲक्टविषयी त्याला काहीही ठाऊक नसते. जोडण्याचे काम रिॲक्ट-रिडक्स या स्वतंत्र ग्रंथालयातील ‘कनेक्ट’ या फलनाकडे होते. कनेक्टला दोन गोष्टी द्यावयाच्या : स्टोअरमधील कोणता भाग कंपोनंटला हवा, हे सांगणारे एक फलन, आणि कंपोनंटला कोणत्या ॲक्शन पाठविता याव्यात, हे सांगणारे दुसरे. कनेक्ट मूळ कंपोनंटभोवती एक वेष्टन तयार करी. स्टोअरकडे नोंदणी या वेष्टनाची होई, आतल्या कंपोनंटला फक्त तयार मूल्ये मिळत.

या रचनेची कंटाळवाणी लांबण हा तिच्यावरील नेहमीचा आक्षेप, आणि तो खरा आहे. एक आकडा दाखविण्यासाठी तीन धारिका उघडाव्या लागत. तरीही तिच्यात एक गुण होता ज्याची पुरेशी दखल घेतली गेली नाही असे वाटते. तो म्हणजे सांधा एका जागी, नावानिशी लिहिलेला असे. कंपोनंट उघडून पाहिले तर त्यात स्टोअरचा मागमूस नसे, म्हणून ते स्टोअरशिवाय तपासता येई. आणि ‘हा आकडा कोठून येतो?’ या प्रश्नाचे उत्तर कंपोनंटच्या धारिकेच्या शेवटी दहा ओळींत सापडे. विद्यार्थ्याच्या दृष्टीने हे मोठे सौकर्य होते, जरी विद्यार्थ्यास ते जाच वाटे.

अब्रामोव्ह यांनी 2015 मध्ये दाखविणारे कंपोनंट आणि माहिती पुरविणारे कंपोनंट असा भेद मांडला होता. तो इतका लोकप्रिय झाला की अनेक प्रकल्पांत त्याचे कर्मकांड झाले. प्रत्येक कंपोनंटचे दोन तुकडे, गरज असो वा नसो. 2019 मध्ये त्याच लेखाला टीप जोडून त्यांनी अशी विभागणी करण्याचा सल्ला आपण यापुढे देत नसल्याचे नमूद केले. ही टीप वाचून अनेकांनी भेदच त्याज्य मानला. वस्तुतः आक्षेप भेदाच्या यांत्रिक वापरावर होता, आणि हे अंतर समीक्षेत लक्षात घ्यावयास हवे.

2018-19 : सांध्याची दोन रूपे

मार्च 2018 मध्ये रिॲक्टच्या 16.3 या आवृत्तीत नवे कॉन्टेक्स्ट आले. वरच्या कंपोनंटने ठेवलेले मूल्य मधल्या पायऱ्या ओलांडून खालच्या कोणत्याही कंपोनंटपर्यंत पोहोचविण्याची ही सोय. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आलेल्या रिॲक्ट-रिडक्सच्या सहाव्या आवृत्तीने प्रत्येक वेष्टनाची स्वतंत्र नोंदणी काढून टाकली. स्टोअरकडे नोंदणी फक्त सर्वांत वरच्या कंपोनंटची, आणि तेथून संपूर्ण स्टेट कॉन्टेक्स्टद्वारे खाली. तात्त्विकदृष्ट्या हे फारच देखणे होते. एका वेळच्या चित्रणात सर्व कंपोनंटना एकच स्टेट दिसणार, म्हणजे विसंगतीला जागाच नाही.

व्यवहारात मात्र प्रत्येक लहान बदलागणिक कॉन्टेक्स्टचा ग्राहक असलेल्या प्रत्येक वेष्टनापर्यंत रिॲक्टला पोहोचावे लागे, त्या वेष्टनाला त्या बदलाशी कर्तव्य असो वा नसो. वेग घटला. अवघ्या चार महिन्यांत, एप्रिल 2019 मध्ये, सातवी आवृत्ती पुन्हा थेट नोंदणीकडे वळली आणि कॉन्टेक्स्टमधून आता स्टेट न जाता केवळ स्टोअरचा पत्ता जाऊ लागला. हा माघारीचा प्रसंग प्रस्तुत लेखकास फार महत्त्वाचा वाटतो. ‘कॉन्टेक्स्ट असताना स्टोअरचे ग्रंथालय कशाला?’ हा प्रश्न आजही कार्यशाळांतून हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर मतप्रदर्शनाने देण्याची गरज नाही. हा प्रयोग त्या ग्रंथालयाने स्वतःवरच करून पाहिलेला आहे. कॉन्टेक्स्ट ही पोहोचविण्याची सोय आहे. कोणाला कळवावे आणि कोणाला कळवू नये, ही निवड ती करीत नाही.

हुक आणि त्यासोबत आलेले प्रश्न

फेब्रुवारी 2019 मध्ये रिॲक्टच्या 16.8 या आवृत्तीत हुक आले आणि त्याच वर्षी जूनमध्ये रिॲक्ट-रिडक्सच्या 7.1 आवृत्तीत ‘यूजसिलेक्टर’ व ‘यूजडिस्पॅच’ हे दोन हुक दाखल झाले. वेष्टन गेले. आता कंपोनंट स्वतःच एका ओळीत स्टोअरमधील हवा तो भाग मागून घेते. आज अधिकृत दस्तऐवजही हाच मार्ग सुचवितो. कनेक्ट अजून चालते, परंतु नव्या लेखनासाठी त्याची शिफारस होत नाही. लेखन संक्षिप्त झाले, प्रकारांची तपासणी सुलभ झाली आणि नवशिक्याची धास्ती कमी झाली, हे निर्विवाद आहे.

परंतु वेष्टन जे निमूटपणे करीत होते ते काम आता कोण करणार? याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे रिॲक्ट-रिडक्सच्या दस्तऐवजात ‘झोंबी चाइल्ड’ या नावाने नोंदलेली अडचण. विद्यार्थ्यांची यादी दाखविणारे एक पालक कंपोनंट आहे असे समजू. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक अपत्य कंपोनंट आहे. अपत्याला पालकाकडून क्रमांक मिळतो आणि त्या क्रमांकाची नोंद ते स्टोअरमधून स्वतः वाचते. आता स्टोअरमधून एक विद्यार्थी वगळला. पालकाने यादी पुन्हा चित्रित केली असती तर ते अपत्य नाहीसे झाले असते. पण अपत्यास वार्ता आधी मिळाली तर ते आपल्या जुन्या क्रमांकाची, आता अस्तित्वात नसलेली, नोंद वाचावयास जाते आणि त्रुटी उद्भवते. रिॲक्टमध्ये अपत्ये पालकाच्या आधी स्थानापन्न होतात, त्यामुळे नोंदणीही त्यांचीच आधी होते. म्हणजे ही शक्यता अपवादात्मक नाही, ती क्रमातच अंतर्भूत आहे.

कनेक्टने पाचव्या आवृत्तीपासून यावर उपाय केला होता. प्रत्येक वेष्टन आपल्याखालील वेष्टनांची नोंदणी स्वतःकडे घेई आणि स्वतःचे चित्रण उरकल्यावरच त्यांना वार्ता देई. वार्ता वरून खाली, पायरीपायरीने उतरे. हुक असे करू शकत नाही, कारण खालच्यांसाठी वेगळे कॉन्टेक्स्ट मांडावयाचे तर त्यासाठी चित्रणात एक घटक असावा लागतो आणि हुक हे केवळ फलन आहे. म्हणून यूजसिलेक्टरने दुसरी वाट धरली. वार्ता मिळताच सिलेक्टर चालवून पाहताना त्रुटी आली तर ती गिळून टाकावयाची, कंपोनंटला पुन्हा चित्रित होण्यास सांगावयाचे, आणि तोपर्यंत पालकाने ते काढून टाकले असेल अशी अपेक्षा बाळगावयाची. बहुतेक वेळा ही अपेक्षा पुरी होते. तथापि, शिस्तीची जागा येथे तडजोडीने घेतली आहे, हे मान्य करावयास हवे. तडजोड वाईट असते असे नाही. ती झाली आहे हे वापरणाऱ्यास ठाऊक नसणे, ही खरी अडचण.

दुसरा प्रश्न तुलनेचा. मूल्य बदलले की नाही, हे यूजसिलेक्टर तिहेरी बरोबरच्या चिन्हाने ठरवितो, म्हणजे वस्तू तीच आहे की दुसरी, एवढेच पाहतो. कनेक्ट मात्र मिळालेल्या वस्तूतील पहिल्या पातळीवरील प्रत्येक घटक तपासून पाही. याचा परिणाम असा की जुन्या फलनातील ओळी जशाच्या तशा हुकमध्ये आणल्या आणि सिलेक्टरने दोन मूल्यांची नवी वस्तू बनवून दिली, तर ती वस्तू प्रत्येक वेळी नवीच ठरते आणि कोणतीही ॲक्शन आली तरी कंपोनंट पुन्हा चित्रित होते. सिलेक्टरमध्येच यादी गाळून घेतली तरी तेच. पडद्यावर काही चुकलेले दिसत नाही, फक्त यंत्र विनाकारण राबते. रिसिलेक्टसारखी स्मरणशील फलने हा त्यावरील उपाय, परंतु दोष कोठे आहे हे समजल्याशिवाय उपाय शोधावयास कोणी जात नाही. जून 2023 मधील 8.1 या आवृत्तीपासून विकसनाच्या अवस्थेत असा सिलेक्टर आढळल्यास इशारा दिला जातो, ही समाधानाची गोष्ट आहे.

अदृश्य सांधे

मिशेल वेस्टस्ट्रेट यांच्या मॉबएक्सने प्रारंभापासूनच वेगळी भूमिका घेतली. वाचणे हीच नोंदणी. ‘ऑब्झर्व्हर’ म्हणून घोषित केलेल्या कंपोनंटने चित्रणादरम्यान जे मूल्य वाचले त्यावर ते अवलंबून आहे असे मॉबएक्स स्वतःच टिपून ठेवते. निवड हाताने लिहावी लागत नाही आणि ती चुकतही नाही. सौंदर्यदृष्टीने पाहता रिडक्सपेक्षा ही रचना सरस आहे असे म्हणावयास प्रत्यवाय नसावा.

मात्र तिच्या चुकीचे स्वरूप पाहावे. ऑब्झर्व्हर लावण्यास विसरले तर त्रुटीचा संदेश येत नाही. पडद्यावर पहिले मूल्य दिसते आणि मग ते तसेच राहते. व्ह्यूच्या जगात 2022 पासून अधिकृतपणे सुचविल्या जाणाऱ्या पिनियाचीही हीच कथा आहे. स्टोअरमधील मूल्ये सुटी करून घेतली की त्यांचे नाते तुटते, आणि ते टिकविण्यासाठी ‘स्टोअरटूरेफ्स’ हे साहाय्यक फलन वापरावे लागते. कनेक्टची चूक लांबलचक, हुकची चूक उधळपट्टीची, तर अदृश्य सांध्याची चूक मुकी. शिल्लक जागांचा कालचा आकडा आज दाखविणारा फलक रिकाम्या फलकापेक्षा अधिक घातक, कारण त्यावर विश्वास ठेवला जातो. या निकषावर पाहिले तर यूजसिलेक्टरची उधळपट्टी मॉबएक्सच्या मौनापेक्षा परवडली. हा निर्णय सर्वांना मान्य होईलच असे नाही. अनुभवी चमू तपासणीची साधने लावून हे मौन फोडतात. पण पदवी वर्गातील विद्यार्थी म्हणजे अनुभवी चमू नव्हे.

सिग्नल या नावाने अलीकडे जे आले आहे, सॉलिडमध्ये, 2022 मध्ये प्रिॲक्टमध्ये आणि 2023 मध्ये अँग्युलरमध्ये, त्याचा कुळाचार नॉकआउटपर्यंत जातो. एप्रिल 2024 मध्ये ते जावास्क्रिप्ट भाषेतच आणण्याचा प्रस्ताव प्रमाणीकरण समितीच्या पहिल्या टप्प्यात दाखल झाला. ते स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

कराराचे लेखी रूप

मार्च 2022 मध्ये रिॲक्टची अठरावी आवृत्ती आली. तिच्यात चित्रण मध्येच थांबवून अधिक निकडीचे काम उरकून घेता येते. यातून नवा धोका उद्भवला. अर्धा पडदा चित्रित झाल्यावर स्टोअर बदलले तर वरच्या भागात जुना आकडा आणि खालच्या भागात नवा. फेसबुकच्या संदेशसंख्येचीच ही नवी आवृत्ती म्हणावयाची. त्यावर ‘यूजसिंकएक्स्टर्नलस्टोअर’ या बोजड नावाचा हुक देण्यात आला. रिॲक्ट-रिडक्सची आठवी आवृत्ती यावरच उभी आहे, झुस्टँडही यावरच.

हा हुक मुख्यतः दोन फलने मागतो. एक नोंदणी करणारे, जे नोंदणी रद्द करण्याचे फलन परत देते. दुसरे या क्षणीचे मूल्य सांगणारे. अट एवढीच की स्टोअर बदललेले नसेल तर दुसऱ्या फलनाने तेच मूल्य परत द्यावे. नवी वस्तू बनवून दिल्यास रिॲक्ट इशारा देते आणि चित्रण अखंड फेऱ्यात सापडते. मोबदल्यात, चित्रण पडद्यावर उतरविण्यापूर्वी मूल्य बदलले असल्याचे आढळले तर रिॲक्ट ते सर्व न थांबता पुन्हा करते, म्हणजे या बदलांपुरता मध्ये थांबण्याचा लाभ सोडून देते. विसंगतीपेक्षा विलंब पत्करला, असा हा व्यवहार. सांधा नाहीसा झाल्याचा जो भास हुकमुळे झाला होता तो येथे मावळतो. सांधा होताच, आता त्याच्या अटी रिॲक्टने स्वतः लिहून दिल्या.

अध्यापनाच्या संदर्भात

प्रस्तुत लेखकाने तपासलेल्या पदव्युत्तर प्रकल्प-अहवालांत रिडक्सचे वर्णन बहुधा एकाच साच्याचे आढळते. ‘क्रिएटस्टोअर’ने स्टोअर बनवावे, कनेक्टने जोडावे, सोबत वर्तुळाकार आकृती. क्रिएटस्टोअरची शिफारस 2022 पासून मागे घेतलेली आहे आणि त्याच्या जागी रिडक्स टूलकिट वापरावे असे सांगितले जाते. अभ्यासक्रम मागे पडला आहे, ही तक्रार म्हणून येथे मांडावयाची नाही. अभ्यासक्रम मागे पडतोच. रिकॉइल हे फेसबुकचेच ग्रंथालय 2020 मध्ये गाजावाजाने आले आणि जानेवारी 2025 मध्ये त्याचे भांडार कायमचे बंद झाले. ज्या विभागाने ते घाईने प्रात्यक्षिकात घेतले असेल त्याने काय मिळविले?

म्हणून ग्रंथालयाचे नाव प्रात्यक्षिकाच्या शीर्षकात असू नये असे सुचवावेसे वाटते. विद्यार्थ्याने स्टोअर स्वतः लिहावे. त्यास वीस ओळी पुरतात. एक चल, श्रोत्यांचा एक संच, वाचण्याचे फलन, बदलण्याचे फलन, नोंदणीचे फलन. ते वरील हुकने दोन कंपोनंटना जोडावे. त्यानंतर त्याला तीन गोष्टी मोडावयास सांगाव्यात. मूल्य सांगणाऱ्या फलनातून दरवेळी नवी वस्तू परत द्यावी आणि काय होते ते नोंदवावे. बदल करताना जुन्याच वस्तूत फेरफार करावा आणि पडदा का हलत नाही याचे कारण लिहावे. नोंदणी रद्द करणारे फलन परत देऊ नये, कंपोनंट दहा वेळा उघडून बंद करावे आणि श्रोत्यांच्या संचात किती नावे उरली ती मोजावीत. हे झाल्यावर रिडक्स टूलकिट शिकविण्यास एक तासिका पुरेशी होते.

तोंडी परीक्षेत व्याख्या विचारण्याऐवजी पडद्यावरील एका आकड्यावर बोट ठेवावे आणि हा आकडा कोणाच्या सांगण्यावरून बदलतो, असे विचारावे. कंपोनंटमध्ये थेट हुक लिहिला असेल तर त्या निवडीला नाव देऊन ती वेगळ्या फलनात काढावयास सांगावे. ‘शिल्लक जागा द्या’ असे म्हणणारे एक छोटे फलन. त्यामागे रिडक्स असो, झुस्टँड असो वा विद्यार्थ्याच्या स्वतःच्या वीस ओळी, कंपोनंटला त्याची वार्ता नसते, आणि कनेक्टच्या वेष्टनाने जे साधले होते त्यातील बराचसा भाग एवढ्याने परत मिळतो. प्रात्यक्षिकाच्या वीस गुणांपैकी पाच या एका कृतीस द्यावयास हरकत नसावी.